बेपत्ता वैमानिकाची आठवण कोणी ठेवायची?



इथे अमेरिकेत पोस्टाच्या इमारतीवर राष्ट्रध्वजाखाली एक काळा झेंडा दिसतो. तो युद्धकैद्यांचा आणि बेपत्ता सैनिकांचा. त्यांचा शोध घेणारे स्वतंत्र सरकारी खातेही इथे आहे.

आपल्याकडे हे काम कोणी केले? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे सुखोई-७ विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात शोरकोट रोडजवळ पडले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत 'टॉम्बे' हे नाव तिकडच्या वृत्तपत्राने छापले होते. युद्धानंतर भारताने ९० हजारांहून अधिक कैदी परत पाठवले. तांबे मात्र आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढची अनेक दशके त्यांनी सरकारदरबारी खेटे घातले. २००७ मध्ये इतर नातेवाइकांबरोबर त्या पाकिस्तानातले तुरुंगही पाहून आल्या. हाती काही लागले नाही.

असे ५४ जण पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे भारत सरकार म्हणत आले. पाकिस्तान ते नाकारत आला. यादी बाळगणे म्हणजे शोध नव्हे. तो पत्नीवर सोडून आपण शौर्याची भाषणे ऐकतो, हे शोभत नाही.

ही युद्धाची खुमखुमी नव्हे. दोन्ही देशांनी त्या काळच्या तुरुंगांच्या, इस्पितळांच्या, दफनांच्या नोंदी खुल्या कराव्यात, एवढीच मागणी. इथे पाकिस्तानी सहकारी आपल्या शेजारच्याच टेबलावर बसतात. ही मागणी त्यांच्यासोबत करायला काय हरकत आहे?