परतीच्या जागेची तजवीज

प्रोग्रॅमरच्या व्यवसायात नवा मजकूर लिहिण्यापेक्षा पूर्वी लिहिलेल्या मजकुरातून हिंडण्यातच पुष्कळदा अधिक काळ खर्ची पडतो. आणि एका फंक्शनचा उलगडा करण्यासाठी दुसऱ्या फाइलीत व तेथून तिसऱ्या फाइलीत गेलेला मनुष्य जेव्हा मूळ स्थळी परतू पाहतो, तेव्हा ते स्थळ हुडकण्याच्या यातायातीत, ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी तो निघाला होता तो प्रश्नच बहुधा मनाआड झालेला असतो. चालू जागी खूण, म्हणजेच बुकमार्क, करून ही हानी टाळण्याची तजवीज टेक्स्ट एडिटरांच्या कर्त्यांनी १९७० च्या दशकातच करून ठेवली असता आपण तिच्याविषयी उदासीन राहावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

बिल जॉय यांच्या ‘व्हीआय’ या एडिटरची परंपरा पुढे चालविणाऱ्या ‘व्हिम’मध्ये एम आणि ए या दोन कळा क्रमाने दाबल्या की चालू जागी ‘ए’ ही खूण बसते. पुढे बॅकटिक व ए दाबताच कर्सर नेमक्या त्याच अक्षरावर येतो. स्मॉल अक्षरांच्या खुणा त्या त्या फाइलीपुरत्या असतात. कॅपिटल अक्षरांच्या खुणा मात्र फाइलीचे नावही स्मरणात ठेवीत असल्याने कोणत्याही फाइलीतून थेट मूळ ठिकाणी परतता येते. ‘नोटपॅड प्लस प्लस’मध्ये कंट्रोल व एफ-२ यांनी ओळीवर खूण करावी आणि एफ-२ ने पुढच्या खुणेवर जावे, इतके ते सुलभ आहे.

तथापि खुणेवर विसंबण्यापूर्वी ती कशाच्या आधारे उभी आहे याची चौकशी करणे अगत्याचे आहे. व्हिमची खूण ओळीच्या क्रमांकावर टिकून असते. एडिटरात फाइल उघडी असता ओळी वाढल्या तर तीही सरकते, परंतु एडिटर बंद असताना सहकाऱ्याच्या बदलांनी वरच्या भागात चाळीस ओळींची भर पडली, तर ती जुनाच क्रमांक धरून आपणांस चाळीस ओळी अलीकडे उतरविते. उलट ‘ईमॅक्स’ या एडिटरचा बुकमार्क स्थानाबरोबरच त्याच्या मागील व पुढील प्रत्येकी १६ अक्षरांचा मजकूर सामान्यतः नोंदवून ठेवतो, आणि फाइल बदलली तरी त्या मजकुराच्या दाखल्यावरून जागा हुडकतो; दीर्घकाळ चालणाऱ्या कामास म्हणूनच ही पद्धत अधिक भरवशाची.

यापलीकडची मर्यादा मात्र कोणतीही युक्ती दूर करू शकत नाही: खूण ही करणाराच्या यंत्रावरील खाजगी बाब असून ती जागा का महत्त्वाची वाटली, याचा खुलासा तिच्यात सहसा नसतो. सबब जेथे दोष उरला आहे किंवा निर्णय प्रलंबित आहे, ती जागा बुकमार्कच्या हवाली न करता कोडमध्येच कारणासह टिप्पणी लिहून नमूद करावी, म्हणजे उद्या ते काम हाती घेणाऱ्या सहकाऱ्यासही तिचा लाभ होईल.

वाचकांस आमची विनंती इतकीच, की चालू जागा सोडण्यापूर्वी खूण करण्याची सवय हातांना लावावी, काम संपताच निरुपयोगी खुणा पुसाव्यात, आणि जे इतरांस कळणे अवश्य आहे ते खुणेवर न सोडता शब्दांत लिहावे.