धुक्यावाचूनही वातावरण



गेल्या अंकातील पत्रात, टर्नरसारख्या स्वच्छंदतावादी, म्हणजे नियमापेक्षा भाववृत्तीला मान देणाऱ्या, चित्रकारांचा धूसर प्रकाश ही इंग्लंडच्या दमट हवेची देणगी असून आपल्या कडक उन्हात त्याला जागा नाही, असे प्रतिपादन केले आहे. ते अर्धेच खरे आहे. निसर्गचित्रातील ‘वातावरण’ म्हणजे हवेतील बाष्प किंवा धूळ यांनी प्रकाश विखुरल्यामुळे दूरच्या वस्तूंच्या कडा विरणे व रंग फिके पडणे, आणि बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर हे उन्हाळ्यातही घडते: पश्चिमवाहिनी तापीच्या पात्रावर मावळतीचा उजेड तिरपा पसरतो, तेव्हा धुळीआडून शाही किल्ल्याच्या भिंती तपशील गमावून केवळ छायाकृती होऊन उरतात. शिवाय टर्नरच्या रंगांत खरा उजळपणा आला तो १८१९ मध्ये इटलीतील लख्ख प्रकाश पाहिल्यावर, हे पत्रलेखकाने (बहुधा सोयीने) वगळले आहे. कोल्हापूरचे कोटितीर्थ तळे जलरंगांत रंगवणारे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) आणि इंदूरला कलाशिक्षक देवळालीकरांकडे शिकलेले ना. श्री. बेंद्रे (जन्म १९१०) यांची निसर्गचित्रे पाहिल्यास, वातावरण रंगवण्यासाठी विलायती धुके लागत नाही, हे मान्य करावे लागेल.