काळ्या दगडाखाली काय आहे?

नाशिकची बोअरवेल कितीही खोल नेली तरी काळा दगड संपत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट. त्याखाली जुना गाळ आणि त्यात तेल असेल का?

तेलाला नुसता गाळ पुरत नाही. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले. तिथे भूकवच ताणले जाऊन जमीन खचली, खोलगट भागांत सेंद्रिय गाळ साचला, तापून त्याचे तेल झाले आणि शेजारच्या उंचवट्यावरील चुनखडीत अडकले. पण तो गाळ लाव्हानंतरचा. नाशिकखाली असलाच तर लाव्हाच्या आधीचा, त्याच्या उष्णतेने कदाचित करपलेला.

बेसाल्टमध्ये भूकंपलहरी विखुरतात, म्हणून वरून केलेले सर्वेक्षण धूसर राहते. कोयनेला सुमारे ९३३ मीटर बेसाल्टनंतर थेट ग्रॅनाइट लागला. किल्लारीला ३३८ मीटरनंतर जेमतेम ८ मीटर गाळ. एवढ्यावरून अख्ख्या पठाराचा निकाल लावणे घाईचे, आणि तेलाची स्वप्ने विकणे त्याहून घातक.

उत्तर महाराष्ट्रात बेसाल्ट भेदणारे संशोधन-छिद्र घ्यायलाच हवे. तेल निघाले नाही तरी खोल भूजल आणि भूकंपप्रवण भेगांची माहिती मिळेल. दुष्काळी तालुक्यांना तीही तेलाइतकीच मोलाची आहे.