पाव किलोचा हिशेब आणि शाळेची वही

उत्तर दिल्लीतील रिजच्या टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. हे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये; बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांनी एकोणिसाव्या शतकात येथील कोठी विकत घेतली, त्यावरून ते रूढ झाले. टेकडी उतरून मलकागंज, सब्जी मंडीकडे गेले की गाडीवाला टोमॅटोचा भाव बहुधा पाव किलोचा सांगतो. पाव किलो वीस रुपयांना, तर दीड किलोचे किती? गाडीशी बसलेले दहा-अकरा वर्षांचे मूल सहा पाव मोजून क्षणात ‘एकशेवीस’ म्हणते. तेच उदाहरण पाटीवर मांडले, तर ते अडखळण्याची शक्यता बरीच.

हा केवळ तर्क नव्हे. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांचा अभ्यास 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. वीस रुपये किलोचे 800 ग्रॅम बटाटे, पंधरा रुपये किलोचे 1.4 किलो कांदे, वर दोनशेच्या नोटेची मोड, असे व्यवहार ही मुले तोंडी सोडवत. शाळेच्या पद्धतीची वजाबाकी-भागाकार मात्र त्यांतील अनेकांना जमत नसे. तुलनेसाठी घेतलेल्या 471 शाळकरी मुलांची स्थिती नेमकी उलटी होती. कोणी यातून बालमजुरीची भलामण करू नये. बुद्धी दोन्हीकडे आहे, तुटला आहे तो मधला पूल.

मग घरी खेळ वाढवले की झाले, असे वाटेल. दिल्लीतच ‘प्रथम’च्या बालवाड्यांत तसा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. 214 बालवाड्या, 1,540 मुले, चार महिने संख्या आणि आकारांचे खेळ. मुलांची अंदाज घेण्याची, तुलना करण्याची क्षमता वाढली आणि टिकलीही. शाळेतील औपचारिक गणित शिकताना मात्र पुढे त्यांना विशेष लाभ दिसला नाही. खेळ व्यर्थ ठरले असा याचा अर्थ नाही. खेळातली संख्या आणि फळ्यावरचा आकडा एकच आहेत, हे मुलाला कोणीतरी दाखवावे लागते.

ते कोणी दाखवायचे, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी 2025 ची मुदत घातली. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ने ती 2026-27 वर नेली. ‘असर’ 2024 नुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या जेमतेम 33.7 टक्के मुलांना वजाबाकी येत होती. मुदत जवळ येते तसे ‘घरी सराव करून घ्या’ हे पालुपद वाढते. दिवसभर परक्या घरची धुणीभांडी करून आठला परतणाऱ्या आईला सरावपत्रिका धाडणे म्हणजे शाळेचे अपयश तिच्या पदरी टाकणे होय. (सुशिक्षित घरांतही या पत्रिका बहुधा पालकच सोडवतात, ही वेगळी गोष्ट.)

त्या आईकडे जे आहे तेच तिच्याकडे मागावे. पोळ्या चौघांत वाटणे, सुटे पैसे मोजून घेणे, दुधाचा महिन्याचा हिशेब मुलाला मोठ्याने सांगायला लावणे. पेन्सिलही लागत नाही. पुढचे काम शिक्षकाचे. दिल्ली महानगरपालिकेच्या शाळा पाचवीपर्यंतच आहेत, म्हणजे नेमक्या याच वयाच्या. तेथे आठवड्यातून एक तास घरून आणलेल्या हिशेबाला द्यावा. मूल कसे मोजले ते तोंडी सांगेल, शिक्षक ते फळ्यावर लिहील. पाव किलोला वीस, सहा पाव; म्हणून 20 × 6 = 120. बोटांवर मोजले म्हणून गुण कापू नयेत. शिक्षक-प्रशिक्षणात याला आज फारसे स्थान नाही, आणि ते देण्यासाठी नव्या योजनेची गरज नाही. मुदतीपूर्वी निघणारे एक परिपत्रकही पुरेल.