उलटलेला ट्रेलर आणि दहावीचा पहिला धडा

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीविषयी, देणगीदारांविषयी आणि गुणवंत विद्यार्थ्यांविषयी लिहिले जाते, आणि ते उचितच आहे. आम्ही मात्र या पानांवर भौतिकशास्त्रातील तीन प्रकरणांची बाजू मांडणार आहोत. वर्तुळाकार गती, गुरुत्वाकर्षण आणि परिबल ही ती प्रकरणे. तिसऱ्या शब्दाला कोणी आघूर्ण म्हणतात, आणि बंदरापासून गॅरेजपर्यंत सगळेच टॉर्क म्हणतात. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातील पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि त्याची सुरुवात वर्तुळाकार गतीने होते. बारावीच्या भौतिकशास्त्राचे पहिले प्रकरणही परिवलनाचेच आहे. या दोन धड्यांच्या मधल्या वाटेवर आपली कितीतरी मुले विज्ञान शाखेचा निरोप घेतात. ती बुद्धीने कमी पडतात असे आम्हांस वाटत नाही. जे डोळ्यांना रोज दिसते आणि जे फळ्यावर लिहिले जाते, ते एकच आहे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

द्रोणागिरीच्या परिसरात राहणाऱ्याला तर हे दाखवण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि उरण-पनवेलचे रस्ते कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांचे झाले. वळणावर कलंडलेला ट्रेलर आपल्याकडे कोणाला नवा नाही. तो का उलटला, असे वर्गात विचारावे. बहुतेक मुले सांगतील, 'वजन फार होते म्हणून.' हे उत्तर ऐकायला पटणारे आहे, परंतु चुकीचे आहे.

वाहन वळते ते रस्ता टायरांना वळणाच्या आतल्या बाजूस ढकलतो म्हणून. हे अभिकेंद्री बल जमिनीच्या पातळीवर लागते आणि गाडीचा गुरुत्वमध्य मात्र दीड-दोन मीटर उंचावर असतो. चाके आत ओढली जातात, वरचा भार सरळच जाऊ पाहतो आणि गाडी बाहेरच्या चाकांवर कलू लागते. तिला परत खाली बसवणारे एकच बळ असते, ते म्हणजे पृथ्वीचे आकर्षण. आता हिशेब करू. गुरुत्वमध्य रस्त्यापासून २ मीटर उंच आहे, बाहेरची चाके मध्यरेषेपासून १ मीटरवर आहेत आणि वळणाची त्रिज्या ४० मीटर आहे असे धरले, तर सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाला आतली चाके जमीन सोडतात. माल उंच रचल्यामुळे गुरुत्वमध्य अडीच मीटरवर गेला, तर तीच मर्यादा ताशी ४५ किलोमीटरवर येते. स्प्रिंगा दबतात, टायर वाकतात, टाकीतला द्रव हिंदकळतो. म्हणून प्रत्यक्षात गाडी याहून कमी वेगातही उलटते. या संपूर्ण हिशेबात वजन कोठेच उरत नाही. ते दोन्ही बाजूंना सारखेच येते आणि रद्द होते. उरतात ती फक्त उंची, रुंदी, त्रिज्या आणि वेग. त्यातही वेगाचा वर्ग येतो. ताशी ४० वरून ५० वर गेलेल्या चालकाला वेग थोडासाच वाढल्यासारखा वाटतो, पण वळणासाठी लागणारे बल दीडपटीहून अधिक झालेले असते.

एका अपघातात ही तिन्ही प्रकरणे एकत्र येतात. वळण म्हणजे वर्तुळाकार गती, खाली धरणारे ते गुरुत्वाकर्षण आणि कलंडवणारे ते परिबल. पुस्तकात त्यांच्या मध्ये दोन वर्षांचे अंतर असते. रस्त्यावर ती एकाच क्षणी घडतात. या गाड्या चालवणाऱ्यांत आपलीच मुले आहेत, आणि त्याच रस्त्यांच्या कडेने सायकलवरून शाळेत जाणारीही आपलीच. हा धडा केवळ चार गुणांचा आहे असे म्हणण्यास आमची जीभ म्हणूनच धजत नाही.

येथे एका जुन्या गैरसमजाची दखल घेतली पाहिजे. एसटी वळणावर वळली की प्रवाशाला वाटते, आपल्याला कोणीतरी बाहेर फेकते आहे. प्रत्यक्षात फेकणारे कोणी नसते. अंग सरळ जाऊ पाहते, आणि बसची कड येऊन त्याला आत ढकलते. गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला हे पुरते ठाऊक असते. दोरी सुटली की दगड वर्तुळाच्या बाहेर फेकला जात नाही, त्या क्षणी तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सरळ निघून जातो. म्हणून तर पाखरावर नेम धरता येतो. द्रोणागिरी स्थानकातून लोकल पकडणाऱ्या मुलांनी वळणावरचे रूळ निरखून पाहावेत. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच बसवलेला असतो. गाडी आतल्या बाजूस झुकली की वळण्याचे काही काम रुळाचा आधारच करून देतो.

करंजाच्या डोंगराविषयी एक दंतकथा सांगितली जाते. आकाशमार्गे नेल्या जाणाऱ्या पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी ती आहे. दंतकथेशी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु असा तुकडा सुटला तर तो नेणाऱ्याच्या पायाखाली सरळ पडेल की पुढे जाऊन पडेल, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. जो मुलगा 'पुढे जाऊन' असे कारणासह सांगेल, त्याला चंद्र का पडत नाही हे निम्मे समजले.

उरलेले निम्मे असे आहे. हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते असे मानले, तर चंद्र एका सेकंदात याच्या ३६०० व्या भागाइतका, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर पडला पाहिजे. आणि तो तितकाच पडतो. त्याच सेकंदात तो एक किलोमीटर पुढेही सरकतो, म्हणून पृथ्वीवर येऊन आदळत नाही. पडणे आणि फिरणे ही एकाच घटनेची दोन नावे आहेत. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा गाभा या भागाकारात आहे, आणि तो दहावीच्या मुलाला वहीच्या एका पानावर करता येतो.

हाच चंद्र आपल्या खाडीचे पाणी हलवतो. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्यांना ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच अडते हे सांगावे लागत नाही. उधाण आणि भांग हे शब्द कोळीवाड्यातल्या पोराला अक्षरओळखीच्या आधीपासून येतात. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, तितके वाजता भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. या पाऊणपटीत काय दडले आहे? चंद्र रोज आकाशात थोडा पुढे सरकतो, त्यामुळे भरती दररोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते. तिथी ही पूर्ण दिवसाहून किंचित लहान असते, म्हणून एका तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे पडतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी आजोबांनी तीन मिनिटे सोडून दिली. त्यामुळे पौर्णिमेस ठोकताळा सव्वाअकरा सांगतो आणि पाणी चढते ते बारा-साडेबारापर्यंत.

सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा पावणेदोनशे पटींच्या आसपास अधिक जोराने ओढतो, तरीही भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी असतो. याचे कारण असे की भरती ओढीच्या आकारावर अवलंबून नसते. पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंना लागणाऱ्या ओढीत जो फरक पडतो, त्यावर ती अवलंबून असते; आणि चंद्र जवळ असल्याने त्याच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. हा मुद्दा समजला की, एकाच दिवशी दोन भरत्या का येतात हे विद्यार्थी स्वतः शोधून काढतो. शिवाय भरतीच्या या फुगवट्यावर चंद्राचे परिबल लागते. पृथ्वीचे फिरणे त्यामुळे अतिशय सावकाश मंदावते आहे, आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे. म्हणजे तिन्ही प्रकरणे खाडीच्या पाण्यातही एकत्रच आहेत.

परिबलाविषयी आम्हांस थोडे अधिक मनापासून लिहावयाचे आहे. जात्याचा खुंटा कडेला का ठोकतात? मध्ये ठोकला तर दुप्पट जोर लागेल म्हणून. हे पहाटे दळण दळणाऱ्या आपल्या आज्यांना माहीत होते. मुंबईच्या गोदीत, गिरण्यांत आणि रेल्वेत राबलेल्या आपल्या आधीच्या पिढ्यांनी पहारीने ओझी हलवली. पहार जितक्या टोकाला धरावी तितके ओझे हलके होते, हे त्यांच्या तळहातांना ठाऊक होते. मिठागरात कावड वाहणाऱ्याने दोन्ही टोपल्या तोलताना खांदा पुढेमागे केला, तेव्हा त्याने परिबलाचे समीकरणच सोडवले. त्या ज्ञानाला सूत्र नव्हते, कारण सूत्र शिकवणारे दार बंद होते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आऱ्यांमध्ये पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाची कल्पना लिहून ठेवली. असे चाक फिरत राहू शकत नाही, कारण पूर्ण फेऱ्यात पाऱ्याचे वजन जितके पुढे ढकलते तितकेच मागे खेचते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ साली मठ स्थापला. पहार वापरणाऱ्या हातांना त्या मठात जागा असती, तर 'हे चाक थांबेल' असे कोणीतरी तेव्हाच सांगितले असते, असे आम्हांस राहून राहून वाटते. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. ती दुसरी शाखा आपल्या मुलांनी सूत्रे पाठ करून सोडून द्यावी, हे आम्हांस मान्य नाही.

आमचे मागणे मोठे नाही. ही तिन्ही प्रकरणे नववी-दहावीत एकत्र आणि बाहेर शिकवली जावीत. निवासी शाळेला येथे एक सवड आहे, जी दिवसाच्या शाळेला नाही. चंद्र रात्री उगवतो आणि भरती कोणाच्या तासिकेची वाट पाहत नाही. वसतिगृहातील मुले महिनाभर रोज चंद्रोदयाची व भरतीची वेळ वहीत टिपू शकतात, आणि महिन्याच्या शेवटी ती ४८ मिनिटे आपल्या आकड्यांतून काढू शकतात. माजी विद्यार्थ्यांपैकी काही बंदरात क्रेन चालवतात, काही ट्रेलर चालवतात. क्रेनचा हात पुढे गेला की उचलण्याची क्षमता का घटते, हे केबिनमधल्या तक्त्यावरून त्यांनी वर्गात येऊन सांगावे. त्यांना पाहुणे म्हणून हार घालण्यापेक्षा एक तास शिकवू द्यावे, हा आम्हांस अधिक मोठा सन्मान वाटतो.

यावर काही पालकांचा आक्षेप असेल, हे आम्ही जाणतो. वेळ थोडा आहे, प्रवेशपरीक्षा डोक्यावर आहेत, शिकवणीवर्गाचे शुल्क भरून झाले आहे. पण प्रवेशपरीक्षेतला प्रश्न बहुधा पाठ केलेल्या सूत्राच्या एका पाऊल पुढचा असतो, आणि ते पाऊल टाकायला चित्र डोळ्यांपुढे असावे लागते. दुसरी अडचण भाषेची आहे आणि ती खरी आहे. दहावीपर्यंत अभिकेंद्री बल शिकलेले मूल अकरावीत सेंट्रिपेटल फोर्स ऐकते आणि हे काहीतरी नवे आहे असे समजून गप्प बसते. दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. एवढ्याने कित्येक मुले वर्गात टिकतील.

वहीची सुरुवात येत्या पौर्णिमेस करता येईल. त्या दिवशी भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास असते. अकरा वाजता निघाले तर शिक्षकांसोबत करंजाच्या धक्क्यावर जाऊन, चढते पाणी पाहून, मुलांना जेवणाच्या वेळेपर्यंत परत आणता येईल.