पाणी न घेणारे यंत्र

गेल्या महिन्यात एका सायंकाळी भोजन नेहमीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी आटोपले, सूनबाईंनी भांडी धुण्याच्या यंत्रात लावली, कळ दाबली. यंत्र थोडे गुरगुरले आणि स्वस्थ बसले. आत पाणीच येईना. हे यंत्र घेण्यास माझा विरोध होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. दुकानाची वही आणि स्वयंपाकघर दोन्ही सांभाळणाऱ्या सुनेच्या आग्रहामुळे ते घरात आले. त्यामुळे "भांडी कोंबून भरता, दुसरे काय होणार!" असे मी सर्वांदेखत बोलून गेलो. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटांत पाण्याचा व्हॉल्व्ह बदलण्याचा निर्णय देऊन साडेचार हजारांचा आकडा सांगितला. बँकेत 36 वर्षे काढलेल्या माणसाला व्हाउचर न पाहता रक्कम मंजूर करता येत नाही. मी दोन दिवसांची मुदत घेतली.

ताळा जुळत नसेल तर पहिल्या नोंदीपासून निघावे, म्हणून मी नळापासून निघालो. आधी यंत्राचा प्लग काढला, नळ बंद करून नळी सोडवली आणि तोटीखाली बादली धरली. मिनिटभरात बारा लिटर पाणी आले. पुस्तिकेत किमान दहा लिटरांची अपेक्षा होती. म्हणजे पुरवठा निर्दोष. (गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र येथेच थांबून विचार करावा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार भरतो. बहुतेक यंत्रांना निदान अर्धा बार लागतो. म्हणजे टाकी यंत्राहून पाच मीटर तरी वर हवी. नसेल तर दाब वाढवणारा पंप बसवावा, व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही.)

नळीच्या नळाकडील टोकात रुपयाएवढी बारीक जाळी असते. ती पाहिली आणि मी ओशाळलो. तांबूस गाळ आणि क्षाराच्या पापुद्र्यांनी ती पूर्ण बुजली होती. त्याच दिवशी सकाळी गच्चीवरील टाकी मी स्वतः उभे राहून धुऊन घेतली होती, आणि पहिले गढूळ पाणी वाहू न देताच चावी उघडली होती!

जाळी हलक्या हाताने काढली, तासभर लिंबाच्या रसात ठेवली, जुन्या दातांच्या ब्रशाने घासली. काही यंत्रांच्या नळीला टोकाशी जाड पेटी असते. तिच्यात विजेची जोडणी असते, ती पाण्यात बुडवू नये. जाळी स्वच्छ असूनही पाणी येत नसेल तर यंत्राच्या तळाशी पाणी साचले आहे का, हे तंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे. गळतीने तेथील तरंगता तुकडा वर उचलला गेला की यंत्र पाणी घेणे थांबवते आणि केवळ उपसत राहते. तो भाग आपण उघडू नये.

जाळी बसवून कळ दाबली. सळसळ ऐकू आली. सूनबाईंना हाक मारून पेल्यातील गाळ दाखवला आणि म्हणालो, "ही माझी करणी. त्या दिवशी उगाच बोललो."

"बाबा," ती हसून म्हणाली, "पुढच्या वेळी टाकी मी धुऊन घेते."