महालक्ष्मीला घाई नको

यंदाच्या स्नेहसंमेलनातील वादविवादात आमच्या एका मित्राने मोठ्या आवेशाने सांगितले, की कोल्हापूर ते मुंबई लोहमार्गाने अवघे ५१८ किलोमीटर, आणि महालक्ष्मी एक्सप्रेस त्यासाठी सुमारे अकरा तास घेते, ही आपल्या जिल्ह्याची नामुष्की आहे! टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टाळी वाजवली नाही. का नाही, हे तेथे सांगायला वेळ मिळाला नाही, म्हणून येथे लिहितो.

आमचे घर इचलकरंजीत. गाडी गाठायची ती हातकणंगल्याला. मी अकरावीत असताना आत्याला उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात न्यावे लागे. वडील यंत्रमागावर, पाळी बुडवली तर पगार बुडाला. म्हणून सोबतीला मी. रात्री हातकणंगल्याला बसायचे, सकाळी दादरला उतरायचे, दिवसभर तपासण्या, केसपेपर आणि औषधांच्या रांगा, आणि रात्री दादरहूनच परतीची महालक्ष्मी. दोन रात्री गाडीत, एक दिवस मुंबईत. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी घरची. मुंबईत रात्र काढायला आमचे कोणी नव्हते आणि लॉजला द्यायला पैसे नव्हते. गाडी कराड सोडी तोवर आत्या झोपलेली असे. ती म्हणायची, "बाळा, ही गाडी न्हवं, आपली धर्मशाळा हाय."

आता मित्राच्या इच्छेप्रमाणे ही गाडी सात तासांत धावू लागली असे समजा. पहाटे चारच्या आत दादर! आजारी माणसाला घेऊन सकाळपर्यंत कोठे बसायचे, याचे उत्तर वादविवादात कोणी दिले नाही. २०२४ पासून पुणे–कोल्हापूर वंदे भारत धावते, तिचे मला कौतुकच आहे. पण ती दिवसाची गाडी. ज्याचा दिवस बुडाला की चूल अडते, त्याच्या ती फारशी उपयोगाची नाही.

या गाडीत कोण असते, हे सगळ्या देशाने २७ जुलै २०१९ रोजी पाहिले. बदलापूर–वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात मुंबईहून निघालेली महालक्ष्मी अडकली आणि हजारभर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या त्यांत कितीजणी असतील, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला. (आमच्या आईचा पहिला प्रश्न, "आत्या कुठं हाय?" ती घरीच होती.)

मागायचेच असेल तर आपण वेग मागू नये, जागा मागावी. बिनआरक्षित डबे वाढवा, शयनयान डबे कमी करू नका, आणि गाडी दादरला उजाडल्यावरच पोचू द्या. कर्करुग्णाला तिकिटात सवलत आहे, ती चांगलीच. पण सवलतीने प्रतीक्षायादी हलत नाही. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला तो शाहू महाराजांच्या संस्थानामुळे, आणि आज कोल्हापूरच्या स्थानकाला महाराजांचेच नाव आहे. त्या नावाच्या फलाटावर उभे राहून आपण फक्त पोचायची घाई असलेल्यांची बाजू मांडावी, हे मला तरी पटत नाही. वादविवादातल्या माझ्या मित्राने रागावू नये. त्याचे वक्तृत्व उत्तमच होते.

आत्या आता बरी आहे. सहा महिन्यांतून एकदा दाखवायला जावे लागते. पुढची तारीख परीक्षेनंतरची मिळाली आहे, आणि उद्या तिकीट काढायला मी हातकणंगल्याला जाणार आहे.